उभं राहण्याचं दुखणं

दादाला बसलेलं फारसं कुणी पाहिलं नव्हतं. सलूनमध्ये खुर्च्या दोन, पण त्या गिऱ्हाइकांच्या. बाकावर बसावं तर तिथं नंबर लावून बसलेली मंडळी पेपर वाचत असायची. तेव्हा सकाळी शटर वर केल्यापासून ते पुन्हा खाली ओढेपर्यंत दादा आपला उभाच. डबासुद्धा आरशाखालच्या फळीला कंबर टेकून उभ्या उभ्या संपवायचा. त्याची बायको म्हणायची, "आडवे होऊन झोपतात हेच माझं नशीब. नाहीतर घोड्यासारखी उभ्यानंच डुलकी काढतील." अशा माणसाला नेमकं उभं राहण्याचंच दुखणं जडलं. पाय धरले असते, कंबर धरली असती, तर कुणाला नवल वाटलं नसतं. दादाचे पाय मात्र खणखणीत होते. दुखायचं ते डोकं.

तो खरा दादा एकाच माणसाचा, त्याच्या धाकट्या भावाचा. पण भाऊ दिवसभर दुकानात "दादा, पावडर दे", "दादा, टॉवेल संपले" असं ओरडायचा, म्हणून गिऱ्हाइकंही दादा म्हणायला लागली, त्यात त्याच्या वडिलांच्या वयाची माणसंही आली. भावाला सगळे धाकटा म्हणत. धाकट्याच्या डोक्यावरचे केस दादाच्या आधी गेले होते, आणि केस कापणाऱ्यानं टक्कल मिरवत फिरावं यावर बाकावरच्या मंडळींनी करायचे ते सगळे विनोद कधीच करून झाले होते. धाकटा त्यावर हसायचा. मनाचा मोठा गडी.

हाताचा मात्र तो सुरुवातीला कच्चा होता. दादाची कैची चालायला लागली की गिऱ्हाइकाला झोप यायची. धाकट्याची चालायला लागली की झोपलेला जागा व्हायचा. कल्ले एक वर, एक खाली. वस्तऱ्यानं गालावर कुठंतरी लाल ठिपका ठरलेला. दाराजवळची त्याची खुर्ची रिकामी असली तरी लोक म्हणायचे, "असू दे, दादा मोकळा झाला की बसतो." हे वाक्य धाकट्यानं वर्षानुवर्षं ऐकलं. ऐकलं न ऐकलंसं करून तो झाडू घ्यायचा आणि जमिनीवर केस नसले तरी झाडत राहायचा. ते बघून दादाच्या पोटात तुटायचं.

मग दादानं त्याला मान मोडायला शिकवलं. शब्द ऐकायला भयंकर आहे, पण दाढी-कटिंगनंतर हे करून घेणारी माणसं पुष्कळ असतात. गिऱ्हाइकाच्या मागं उभं राहायचं, एक तळवा हनुवटीखाली, दुसरा डोक्यामागं. डोकं हळूहळू डोलवत न्यायचं आणि एका क्षणी झटक्यात फिरवायचं. कट्ट! मग दुसऱ्या बाजूला. गिऱ्हाईक डोळे मिटून "आहाहा" करतं आणि जाताना बक्षिसी ठेवून जातं. यातली खरी गोम अशी, की माणूस मान ताठ धरून बसला तर जमत नाही. म्हणून त्याला काहीतरी विचारायचं. उत्तर द्यायला तोंड उघडलं रे उघडलं की मान आपोआप सैल पडते, तेवढ्यात काम उरकायचं. दादानं हे सगळं स्वतःच्या मानेवर शिकवलं. सरावाला दुसऱ्या कुणाची मान देणार?

आणि इथं धाकट्याला जमलं. नुसतं जमलं नाही, तो दादाच्या पुढं गेला. त्याच्या तळव्यात काय होतं कोण जाणे, माणूस त्या हातांत डोकं देऊन निर्धास्त व्हायचा. लांबच्या मार्गावर गाडी चालवणारा एक बसड्रायव्हर खास त्याच्यासाठी वाकडी वाट करून यायचा. बाकावरची माणसं आता म्हणायला लागली, "असू दे, धाकटा मोकळा झाला की बसतो." पहिल्यांदा हे कानावर आलं तेव्हा धाकट्यानं आरशातून दादाकडं पाहिलं होतं. ती नजर दादा जन्मात विसरला नसता.

दुकान बंद करताना दोघं एकमेकांचीही मान मोडायचे. केस झाडून झाले, शटर अर्धं ओढलं, की दादा खुर्चीत टेकायचा, धाकटा मागं उभा राहायचा. मग जागा बदलायची. दिवसभर मान खाली घालून काम करणाऱ्यांचा तेवढाच विसावा. त्या संध्याकाळीही तसंच झालं. धाकट्यानं विचारलं, "दादा, उद्या लवकर उघडायचं का?" दादा "उद्या" म्हणायला गेला, आणि कट्ट. या खेपेला मानेच्या खाली, दोन खांद्यांच्या मधोमध, मोठी मुंगी चावावी तशी कळ आली. दादानं खांदे हलवले, जागा बदलली आणि धाकट्याची मान मोडून दिली. कळ गेली, तो विसरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंथरुणातून उठला, दात घासायला उभा राहिला, आणि डोक्याच्या मागच्या बाजूला कुणीतरी आतून खाली ओढायला लागलं. ठणका नव्हे, ओढ. चहा पिईपर्यंत ती मानेतून कपाळापर्यंत आली, पोटात ढवळायला लागलं. तो पलंगावर पडला, आणि बघता बघता सगळं थांबलं. इतकं साफ थांबलं की आपण उगाच कांगावा केला असं त्याचं त्यालाच वाटलं. तो उठला. दारापर्यंत गेला नाही तोच पुन्हा तेच.

आता हे दुखणं लोकांना कसं सांगायचं? तापाला थर्मामीटर आहे, जखमेला रक्त आहे. इथं माणूस पडलेला असला की ठणठणीत. हसतो, बोलतो, दोन घास जास्तच खातो. उभा केला की पांढराफटक. आळशी माणसाचं वर्णन याहून वेगळं काय असतं? शेजारच्या चष्मेवाल्यानं तर धाकट्याला गाठून सांगितलं, "बघ बाबा, इथं काहीतरी पाणी मुरतंय. तुझा दादा धंदा तुझ्या गळ्यात टाकून मोकळा होणार." बोलायला काय जातं लोकांचं! धाकट्यानं त्याला झापलं, पण दादाच्या घरी आल्यावर चेष्टेत का होईना, तोही म्हणालाच, "दादा, आडवं पडलं की बरं वाटतं हे दुखणं मलाही आहे रे. मी कुणाला बोललो नाही इतकंच."

दादा हसला. हसतानाही डोकं दुखलं.

गल्लीतल्या डॉक्टरनं विचारलं, "कुठं पडलात? काही मार? झटका?" दादा म्हणाला, "नाही बुवा." तो खोटं बोलला नाही. मार म्हणजे मार, झटका म्हणजे जिन्यावरून घसरणं, गाडीवरून पडणं. दुकान बंद करताना मान मोडून घेतली हा काय झटका? मग रोज दात घासतो तोही मारच म्हणायचा. डॉक्टर म्हणाला, दिवसभर उभं राहण्याचा धंदा, मानेचे मणके झिजले असणार. गळ्यात पट्टा दिला, गोळ्या दिल्या. पट्ट्यानं दादाला घाम आला, गोळ्यांनी झोप. उभं राहिल्यावरची ओढ होती तिथंच राहिली.

शेवटी धाकट्याला राहवेना. एका संध्याकाळी तो तेलाची बाटली घेऊन आला. दादाला पाटावर बसवलं, पट्टा काढून फेकला आणि मान, खांदे, पाठ असं काही मालिश केलं की दादाच्या बायकोनंही "भाऊजी, गुण आहे हो तुमच्या हातात" असं म्हटलं. बसून बसून दादाच्या डोळ्यांपुढं काजवे चमकत होते, पण भावाचं मन मोडवेना. मग धाकट्यानं तळवा हनुवटीखाली धरला. "दादा, आता कसं वाटतंय?"

"बरं—"

कट्ट.

त्या रात्री दादाचे कान बसले, पोहताना पाणी जावं तसे. सकाळी डोळे उघडले तर बायको एकीच्या जागी दोन. "एक सांभाळताना नाकी नऊ येतात," तो म्हणाला, पण दोन्ही बायका घाबरून त्याच्याकडं बघत होत्या.

मोठ्या दवाखान्यात त्याला झोपवूनच नेलं. तिथली मेंदूची डॉक्टरीण चाळिशीची, बोलायला मोकळी. तिनं पहिला प्रश्न विचारला तो असा: "झोपल्यावर किती वेळात थांबतं?" दादाला वाटलं, या बाईचे पाय धरावेत. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, झोपल्यावर बरं वाटण्याला कुणीतरी लक्षण मानलं होतं. मोठ्या नळकांड्यासारख्या यंत्रात घालून फोटो काढले. फोटो बघून ती पलंगाशी स्टूल ओढून बसली.

"तुमचा मेंदू कवटीत नुसता ठेवलेला नसतो," ती म्हणाली. "तो पाण्यात तरंगतो. ते पाणी एका पिशवीत असतं. ती पिशवी डोक्यातून निघून पाठीच्या कण्यातून पार कमरेपर्यंत जाते. सगळं मिळून फार तर एक कपभर पाणी. शरीर ते सारखं नवं बनवत असतं. तुमच्या पिशवीला मानेच्या खालच्या बाजूला चीर गेलीय. पाणी गळतंय. आडवे असता तेव्हा निभावतं. उभे राहिलात की तरंगणारा मेंदू खाली बसतो, त्याला धरून ठेवणारे पडदे ताणले जातात. ती तुमची ओढ. कानाच्या, डोळ्याच्या नसा ओढल्या गेल्या, म्हणून ऐकू कमी आणि दिसायला दोन."

"म्हणजे डोक्यालाच गळती?" बायकोनं विचारलं.

"नळवाल्याला बोलवा," दादा म्हणाला.

डॉक्टरीण हसली. "मीच ती. तुमच्याच हातातलं रक्त काढायचं आणि पाठीतून त्या पिशवीच्या बाहेरच्या बाजूला सोडायचं. रक्त गोठतं, चीर बुजते. पुष्कळदा एकदा पुरतं, कधी दुसऱ्यांदा करावं लागतं. पण मला सांगा, कुठं पडला नाहीत ना? पडायलाच हवं असंही नाही म्हणा. जोराची शिंक, जड ओझं, मानेला अचानक पीळ. कधी कधी तर कारण सापडतच नाही."

दादाचं हसू तिथंच विरलं. "पीळ म्हणजे कसा?" त्यानं विचारलं.

तिनं आपल्याच हनुवटीला हात लावून, अगदी हळू, दाखवलं. हनुवटीखाली एक तळवा, डोक्यामागं दुसरा. दादा त्या हातांकडं बघत राहिला. मग त्यानं तिला सगळं सांगितलं. बंद करतानाचं, तेलाच्या बाटलीचं, गिऱ्हाइकांचं. बायकोनं पदर तोंडाला लावला. डॉक्टरीण रागावली नाही, पण तिचा आवाज खाली आला. "ते बंद करा. तुमच्या मानेचं तर संपलंच, बाकीच्यांचंही. हजारोंना काही होत नाही, मान्य. पण ज्याला होतं त्याचं असं होतं, आणि याहून वाईटही होतं. मानेतली रक्ताची नळी फाटली तर माणूस एका बाजूनं लुळा पडतो. भावाला आजच सांगा."

दादानं "हो" म्हटलं. आणि सांगितलं नाही.

रक्त पाठीत सोडलं तेव्हा कमरेत दाबल्यासारखं झालं, दोनदा दादानं दात आवळले. पण संध्याकाळी पलंगाचं डोकं जरा वर केलं तरी ओढ आली नाही. एकच बायको दिसली. दोघांचाही जीव भांड्यात पडला. घरी आणून बाहेरच्या खोलीत, भिंतीला लावलेल्या पलंगावर त्याला सपाट झोपवलं. वाकायचं नाही, उचलायचं नाही, मान वळवायची नाही. चार दिवस बरे गेले. मग एका सकाळी तो बाथरूमला जायला उभा राहिला, आणि डोक्याच्या मागं ती जुनी ओढ हजर.

डॉक्टरीण फोनवर म्हणाली, घाबरू नका, पडून राहा, दुसऱ्यांदा करू. मधे काही दिवस जाऊ देऊ.

तेव्हापासून दादा त्या पलंगाच्या मापाचा झाला. पाणी वाकड्या नळीनं प्यायचं. घास एका कुशीवर पडून गिळायचा, तो अर्धा घशात आणि अर्धा उशीवर. बाथरूमपर्यंत तो चक्क रांगत जायचा, आणि तेवढ्या वेळात बायको स्वयंपाकघरात काहीतरी भांडी वाजवत बसायची, त्याला वाटू नये की आपल्याला कुणी बघतंय. भेटायला आलेली माणसं वरून वाकून बघायची. दादाला खालून त्यांच्या नाकातले केस दिसायचे, आणि ते कापायला हात शिवशिवायचे. बाहेरच्या रस्त्यावर कुणी चपला घासत चाललं तरी त्याला हेवा वाटायचा. माणसं उभी राहतात आणि त्यांना कळतही नाही की आपण उभे आहोत!

पण डोक्यापेक्षा त्याला छळायची ती संध्याकाळ. दुकान बंद करून धाकटा यायचा, पलंगाशी जमिनीवर बसायचा आणि दिवसभराचं सांगायचा. एकट्यानं दोन खुर्च्यांचं काम ओढून तो पार पिचला होता, तरी तोंडावर तेज होतं. "दादा, आज एक जण लांबून आला होता, नुसती मान मोडायला. कटिंगसुद्धा नको म्हणाला." "दादा, ड्रायव्हर त्याच्या मेव्हण्याला घेऊन आला होता. दोघांच्या मोडल्या." "दादा, शाळेतले एक सर येतात, म्हणतात तुमच्या हातात जादू आहे." दादा "वा" म्हणायचा. प्रत्येक मान त्याच्या डोळ्यांपुढं यायची, पिशवी, चीर आणि पाणी यांच्यासकट. आज सांगू, असं ठरवून तो तोंड उघडायचा, आणि धाकट्याचे ते तळवे मांडीवर उताणे पडलेले दिसायचे. जन्मभर झाडू मारलेल्या माणसाला एक गोष्ट जमली होती. ती त्याच्याकडून काढून घ्यायची, आणि वर सांगायचं की याच हातांनी तू मला असं केलंस?

"तुम्ही नाही सांगत तर मी सांगते," बायको एक दिवस भडकली. भडकली तरी आवाज दबका, कारण मोठ्या आवाजानं त्याच्या कानात घुमायचं.

"नाही सांगायचं."

"अहो, उद्या कुणाची तरी मान जाईल. त्याच्या बायकोला मी काय तोंड दाखवू?"

"त्याला ते झेपणार नाही. तू ओळखत नाहीस त्याला."

"मी ओळखत नाही? या घरात आले तेव्हापासून जेवायला वाढतेय त्यांना." ती पलंगाच्या कडेवर बसली. "तुम्ही त्यांना जपत नाही आहात. तुम्हाला वाटतं, ते तुमच्याकडं आरशातून बघायचं सोडतील. खरं की नाही?"

दादानं भिंतीकडं तोंड फिरवलं असतं, पण मान वळवायची बंदी होती. त्याला डोळे मिटून घ्यावे लागले. लाजेला जायलाही जागा नव्हती.

त्या दिवशी धाकटा नेहमीपेक्षा उशिरा आला. पलंगाला पाठ टेकून बसला आणि मान दोन्हीकडं कलवून बघत कण्हला. "दादा, आज मानेचं पार लाकूड झालंय. तुझा हात पोचेल का? तेवढी मोडून दे."

वर्षानुवर्षांची सवय. दादा कुशीवर वळला, हात पुढं केले. धाकट्याचं गरम, घामेजलेलं डोकं त्याच्या तळव्यांत आलं, आणि धाकट्यानं ते लहान मुलानं द्यावं तसं सोडून दिलं. त्या डोक्याचं वजन दादाच्या हातांना नवं नव्हतं, पण त्या दिवशी त्याला पहिल्यांदा कळलं की हे किती जड असतं आणि किती बारक्या दांड्यावर तोललेलं असतं. धाकटा वाट बघत होता, दादा काय विचारतोय याची.

"माझं डोकं कशानं दुखतं, ठाऊक आहे का तुला?" दादानं विचारलं.

"पाणी गळतं म्हणून," धाकटा सैल आवाजात म्हणाला, आणि झटक्याची वाट बघत राहिला. झटका आला नाही. "मोड ना."

"पाणी कशानं गळायला लागलं?"

धाकट्यानं डोळे उघडले. दादानं हात त्याच्या डोक्यावरून काढले नाहीत. तसंच धरून त्यानं सगळं सांगितलं: मुंगी चावल्यासारखी कळ, तेलाची बाटली, डॉक्टरीण स्वतःच्या हनुवटीला हात लावून काय म्हणाली ते.

"माझ्या हातानं?" धाकटा म्हणाला.

"मीच शिकवलं तुला."

"ते नाही विचारलं मी. माझ्या हातानं?"

दादाला खोटं बोलता आलं असतं. कुणाच्या हातानं काय झालं हे डॉक्टरांनाही छातीठोक सांगता येत नाही, असं म्हणता आलं असतं, आणि ते फारसं खोटंही नव्हतं. पण भावाचं डोकं हातात असताना त्याच्यानं ते होईना. "हो," तो म्हणाला.

धाकट्यानं दादाचे हात हळूच बाजूला केले, उठला, दाराशी जाऊन चपला घातल्या आणि गेला. वहिनीनं "भाऊजी, जेवून जा" म्हटलं ते त्यानं ऐकलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. फोन वाजून वाजून बंद व्हायचा. शेवटी बायको दुकानाकडं जाऊन आली आणि पदरानं तोंड पुसत म्हणाली, "शटर अर्धं खाली. आत दिवा नाही. आतल्या खुर्चीत बसलेत, तुमच्या. गिऱ्हाईक आलं की बंद आहे म्हणतात. मी म्हटलं, अहो, दाढी-कटिंग तरी करा, तिला कुणी नाही म्हटलंय? तर म्हणाले, वहिनी, कुणाच्या मानेशी हात नेला की थरथरतो."

दादा उठला. बायको ओरडली, तरी उठला. भिंत धरून, डोळे मिटून, दुकान डोक्यात ठेवून. चार पावलांत ओढ आली, दारापर्यंत पोचला तेव्हा मेंदू कुणी मानेतून खाली उपसून काढतंय असं वाटायला लागलं. कडी त्याच्या हातात आली. रस्त्याच्या टोकाला वळलं की दुकान. पोराटोरांनी उड्या मारत जावं एवढंच अंतर. तो उंबऱ्यावर आडवा झाला, गाल फरशीला लावला, आणि रडला तो डोक्यासाठी नव्हे. आपल्या भावाला आपण त्या खुर्चीत बसवून आलो आणि आता तिथून उठवायला आपल्याला जाता येत नाही, यासाठी. बायकोनं त्याला सतरंजीवर घेऊन ओढत ओढत पलंगाशी आणलं.

"त्याला सांग," तो म्हणाला, "उद्या मला दवाखान्यात न्यायचंय, दुसऱ्यांदा रक्त भरायला. आणि माझ्या तोंडाचं हे असं जंगल झालंय. डॉक्टरीण ओळखायची नाही. दाढी करायला माणूस पाहिजे."

"कोपऱ्यावरच्या सलूनमधून बोलावू का कुणाला?"

"दुसऱ्याच्या हातात गळा देऊ?" दादा म्हणाला. "त्याला हेच सांग. असंच."

धाकटा आला. दारात उभा राहिला, आत यायचं की नाही ते ठरत नव्हतं. डोळे खोल गेलेले. हातात दुकानातली पिशवी. दादा हनुवटी वर करून पडून राहिला. वहिनीनं गरम पाणी आणून ठेवलं. धाकट्यानं दादाच्या गळ्याभोवती टॉवेल पसरला, ब्रशनं फेस केला आणि लावला. ब्रश बरा चालला. मग त्यानं वस्तऱ्यात नवं पातं घातलं, आणि हात थरथरायला लागला. तो थांबला. श्वास घेतला. दुसऱ्या हातानं मनगट धरलं. पुन्हा सुरुवात केली, कानापासून खाली, एवढ्या हळू की दादाला पातं लागतंय की नाही तेच कळेना. गाल झाला. हनुवटी झाली. गळा झाला, तिथं तर धाकट्यानं श्वासच घेतला नाही.

पलंगाच्या या बाजूनं जेवढा चेहरा येत होता तेवढा संपला. धाकट्याची दोन बोटं सवयीनं दादाच्या हनुवटीशी गेली, तोंड पलीकडं वळवायला. जगातल्या कुठल्याही सलूनमध्ये असंच करतात. गिऱ्हाइकाचं डोकं फिरवतात, आपण फिरत नाहीत. बोटं टेकली आणि विस्तवाला लागावी तशी मागं आली.

तो पलीकडच्या गालाकडं बघत बसला. फेस सुकत चालला होता. त्या बाजूला भिंत.

"मी वळतो हळूच," दादा म्हणाला. "एवढ्यानं काही होत नाही."

"नाही," धाकटा म्हणाला. त्यानं वस्तरा बाजूला ठेवला, उठला. "वहिनी, जरा हात लावता का? पलंग पुढं घ्यायचाय. उचलायचा, ओढायचा नाही. धक्का नको लागायला."

दोघांनी दोन टोकं धरली आणि पलंग दादासकट उचलून भिंतीपासून लांब ठेवला, पाण्यानं काठोकाठ भरलेलं पातेलं ठेवावं तसा. धाकटा त्या चिंचोळ्या जागेत अंग चोरून शिरला. तिथली धूळ, कधीची पडलेली पेन्सिल, कोळिष्टकं यांत गुडघे टेकून बसला. दादाचं डोकं होतं तिथंच ठेवून त्यानं फेस पुन्हा ओला केला आणि उजव्या गालावर वस्तरा टेकवला. या वेळी हात थरथरला नाही.

दादाला हुंदका फुटला.

"हलू नकोस," धाकटा म्हणाला. त्यानं वस्तरा उचलून वर धरला आणि हुंदका ओसरेपर्यंत तसाच थांबून राहिला.